ट्रॅपची जुनी बंदूक लांब पडते आहे, दस्ता कापू का?

येरळाकाठ, विटा

नमस्कार मंडळी. बारा बोअरची, वर-खाली नळ्यांची ट्रॅपची (हवेत उडवलेल्या चकत्या फोडण्याच्या खेळाची) बंदूक जुनी घेतली आहे. नळ्या ३० इंची, वजन ३.६ किलो, दस्ता अक्रोडाचा. आधीचे मालक सहा फुटांचे. माझी उंची १५८ सेंमी, मान लांब, चेहरा बारीक. उजव्या खांद्यावरून मारते, उजवा डोळाच जोराचा (नेम धरणारा) आहे.

त्रास असा आहे. बट (दस्त्याचं खांद्याला लागणारं मागचं टोक) खांद्याच्या खोबणीत बसत नाही, दंडाकडे सरकते आणि तिथे काळंनिळं पडतं. बटचं खालचं टोक छातीत रुततं. दर फैरीला गालाच्या हाडावर टोला बसतो. चकत्या फुटतात त्या पुऱ्या फुटत नाहीत, बहुतेक वेळा खालून कपची उडते.

मापं देते. ट्रिगरच्या मध्यापासून बटच्या मध्यापर्यंत ३७८ मि.मी. रिबच्या (नळीवरच्या पट्टीच्या) रेषेपासून ड्रॉप, म्हणजे खालचं अंतर, कोंबाच्या (दस्त्याच्या गाल टेकतो त्या वरच्या कडेच्या) पुढच्या टोकाशी ३७ आणि हीलशी (बटच्या वरच्या टोकाशी) ५५. कास्ट-ऑफ, म्हणजे दस्त्याचा नळीच्या रेषेपासून उजवीकडचा कल, हीलशी ३. बट जमिनीवर सपाट टेकवून बंदूक भिंतीला लावली तर नळीचं तोंड भिंतीपासून ४० मि.मी. दूर राहतं. रिकॉइल पॅड (धक्का सोसणारं रबर) २५ मि.मी. जाड आहे, आणि पॅड व लाकूड यांच्या मधे १० मि.मी.ची काळी प्लास्टिकची पट्टी आहे.

रेंजवर १५ मीटरवरून कागदावर खालच्या नळीने सहा फैरी मारल्या. छर्ऱ्यांचा मध्य खुणेच्या ५ सेंमी डावीकडे आणि ६ सेंमी खाली आला. डावा डोळा मिटून मारलं तरी तेच.

ओळखीचा सुतार २५ मि.मी. कापून देतो म्हणतोय. कापू द्यावं का? आणि डावीकडे जातं त्यासाठी कास्ट वाढवावा लागेल का?

दंडोबा_डोंगर, मिरज

ताई, करवतीची गरजच नाही. उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. ती काळी पट्टी आधीच्या मालकांनी त्यांच्या उंचीसाठी घातलेली असणार. ती काढली की ३७८ चे ३६८ होतात. २५ च्या पॅडच्या जागी १२ मि.मी.चं लावलं की ३५५. लाकडाला ओरखडाही न पडता २३ मि.मी. गेले. तुमच्या उंचीला ३५० ते ३६० च्या दरम्यानच काहीतरी लागेल. कापलेलं लाकूड परत येत नाही, आणि उद्या बंदूक विकायची झाली तर आखूड दस्त्याला गिऱ्हाईक मिळत नाही.

लांबी ठरवताना बट कोपराच्या खोबणीत ठेवून बोट ट्रिगरला पोचतं का, ही दुकानातली पद्धत धरू नका. तिच्यात हाताची लांबी तेवढी कळते. मान, खांद्याची रुंदी, अंगावरचं जाकीट यांचा तिथे हिशोबच नसतो. बंदूक उघडा, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड बघा, बंद करून नेहमीसारखी खांद्याला लावा आणि कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. उजव्या अंगठ्याचं मागचं पेर आणि नाकाचं टोक यांत दोन ते अडीच बोटं अंतर हवं, म्हणजे ३५ ते ४५ मि.मी. त्याहून कमी असेल तर धक्क्याने अंगठा नाकावर येतो. जास्त असेल तर हात ताणला जातो, खांदा मागे जातो आणि बट दंडावर उतरते. तुमचं नेमकं हेच होतंय. हे माप घेताना रेंजवर घालता तेच जाकीट अंगात असू द्या. सांगलीच्या मे महिन्यातला टी-शर्ट आणि पाचगणीच्या डिसेंबरातला स्वेटर यांत ६ मि.मी.चा फरक सहज पडतो.

पॅड काढताना मागच्या रबरात दोन बारीक चिरा दिसतील, स्क्रू त्यांच्या आत असतात. पातळ, लांब दांड्याचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घ्या आणि दांड्याला थोडं व्हॅसलीन चोळा. कोरडा दांडा फिरवला की रबर त्याला चिकटून फाटतं, आणि ती भोकं कायमची दिसत राहतात. एक गोष्ट बरेच जण विसरतात: पट्टी काढल्यावर तेच जुने स्क्रू परत लावायचे नाहीत. मधले १० मि.मी. गेल्याने ते लाकडात तेवढे जास्त खोल जातात, तळाला अडकतात, आणि तरी पिळत राहिलं की लाकूड तडकतं. स्क्रू १० मि.मी. आखूड घ्या.

नव्या पॅडची भोकं जुन्या भोकांशी जुळली नाहीत तर जुन्या भोकात कठीण लाकडाची खुंटी गोंद लावून ठोका, २४ तास सुकू द्या आणि मग नवं भोक पाडा. जुन्या भोकाच्या काठाला लागून नवं पाडलं तर स्क्रू त्या जुन्या भोकातच ओढला जातो आणि पॅड तिरकं बसतं. बटच्या मध्यभागी मोठं भोक दिसेल, त्यातून दस्त्याचा बोल्ट जातो. त्या बोल्टला हात लावू नका. तो बोल्ट जास्त आवळला तर लोखंड आणि लाकूड भेटतात त्या टँगच्या मागे चीर जाते. ढिला राहिला तर दर धक्क्याला दस्ता पुढेमागे होतो आणि शेवटी चीर तिथेच जाते.

आता पिच, म्हणजे नळीच्या रेषेशी बटचा तिरकेपणा. भिंतीपासून ४० मि.मी. म्हणजे तुमच्या ३० इंची नळीला साधारण ३ अंश (या नळीला दर अंशाला १३ मि.मी. धरा). पुरुषी छातीला हे चालतं. बाईच्या छातीला बटचं खालचं टोक आधी लागतं, सगळा धक्का त्या टोकावर येतो आणि नळीचं तोंड वर उसळतं. तुम्हाला ५ अंशांच्या आसपास हवं, म्हणजे भिंतीपासून ६५ ते ७० मि.मी. त्यासाठी पॅडखाली पाचर घालायची. बटची उंची साधारण १३० मि.मी. असते, हीलशी ४.५ मि.मी. जाड आणि टोशी (खालच्या टोकाशी) शून्य अशी एबोनाइटची किंवा कडक प्लास्टिकची पाचर २ अंश देते. ती मध्यावर लांबीत सव्वादोन मि.मी. भर घालेल, म्हणजे ३५५ चे ३५७. कायमची पाचर करण्याआधी वरच्या स्क्रूखाली १ मि.मी.चे वॉशर घालून बघा. दोन स्क्रूंमधलं अंतर ८० मि.मी. असेल तर दर वॉशरला पाऊण अंशाच्या जरा कमी फरक पडतो. फट दिसेल, पण परीक्षेपुरतं चालतं. ६-७ अंशांच्या पुढे मात्र जाऊ नका. पिच फार झाला की धक्क्यात बट खांद्यावरून वर सरकते आणि कोंब गालाच्या हाडावर येतो.

गालाच्या टोल्याचं कारण त्या ३७ आणि ५५ मध्ये आहे. कोंब पुढे उंच आणि मागे उतरता. बंदूक धक्क्याने सरळ मागे येते तेव्हा पुढचा उंच भाग गालाखाली घुसतो, पाचर ठोकावी तसा. लांब दस्त्यामुळे तुमचा गाल आधीच मागच्या, उतरत्या भागावर टेकतो आहे. लांबी कमी झाली की गाल पुढे येईल आणि टोला कमी होईल. पूर्ण जाईल असं नाही. पूर्ण घालवायचा असेल तर कोंब रिबला समांतर लागतो, आणि ते पुढचं काम आहे.

क्रम सोडू नका: लांबी, मग पिच, मग ड्रॉप, सगळ्यात शेवटी कास्ट. पहिल्या दोन्हींनी पुढच्या दोन्हींचे आकडे बदलतात.

आणि एक विचारतो. ड्रॉप कसा मोजलात? बंदूक टेबलावर उलटी ठेवताना पुढची माशी (नळीच्या तोंडाशी असलेला नेमाचा मणी) टेबलाच्या कडेबाहेर काढली होती ना? माशी २-३ मि.मी. उंच असते. ती टेबलावर टेकली तर पुढची बाजू उचलली जाते आणि हीलचा आकडा चुकतो. ट्रॅपच्या काही बंदुकांची रिब उतरती असते, तिथे सपाट टेबलाचा आकडा तसाही फसवा.

चंदनवंदन, सातारा

वरचं सगळं बरोबर आहे. कागदाचा हिशोब मी मांडतो, कारण त्यावरूनच कळतं की ताईंनी आज कास्टला का हात लावू नये.

बारा बोअरला मागचं साइट नसतं, नेमबाजाचा डोळाच मागचं साइट. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंत ३० इंची नळीला साधारण १ मीटर धरा. म्हणजे डोळा १ मि.मी. वर गेला की १५ मीटरवर छर्ऱ्यांचा मध्य १५ मि.मी. वर जातो आणि ३५ मीटरवर ३५ मि.मी. डावी-उजवीलाही हाच नियम. जुने लोक १६ यार्डांवरून मारतात आणि कागदावरच्या दर इंचाला दस्त्यात १/१६ इंच बदलतात, तोही हाच हिशोब.

आता ताईंचा कागद. खाली ६ सेंमी. ट्रॅपची चकती वर चढत असते, म्हणून छर्रा थोडा वर पडायला हवा. साठ-चाळीस पॅटर्न (साठ टक्के छर्रे खुणेच्या वर, चाळीस खाली) म्हणजे ३५ मीटरवर साधारण ७ ते ८ सेंमी वर, १५ मीटरवर तेच ३ ते साडेतीन. तर १५ मीटरच्या कागदावर एकूण साडेनऊ सेंमी वर यायचं आहे, म्हणजे डोळा सव्वासहा मि.मी. उंच हवा. पण हे सगळं कोंबावर घालू नका. कोंब सुमारे २२५ मि.मी. लांबीत १८ मि.मी. उतरतो, म्हणजे दर सेंमीला ०.८ मि.मी. दस्ता २३ मि.मी. आखूड झाला की गाल तेवढा पुढे येतो आणि डोळा आपोआप १.८ मि.मी. वर जातो. कागदावर २.७ सेंमी. उरले साधारण ४.५ मि.मी. तेवढेच कोंबावर चढवायचे. लांबी न बदलता आधीच ६ मि.मी. चढवले असते, तर लांबी कमी केल्यावर छर्रा फार वर गेला असता आणि कोंब परत उतरवावा लागला असता.

डावीकडचे ५ सेंमी म्हणजे डोळा रिबच्या मध्यापासून सव्वातीन मि.मी. डावीकडे. हे उलट्या डोळ्याचं लक्षण नव्हे. डावा डोळा नेम धरत असता तर दोन डोळ्यांतल्या ६०-६५ मि.मी. अंतराने १५ मीटरवर जवळपास १ मीटर डावीकडे गेलं असतं. शिवाय डावा डोळा मिटूनही तेच आलं, म्हणजे प्रश्न मिटला. बट दंडावर बसली की नळी शरीराच्या डावीकडे वळते आणि गाल कोंबाला नीट न लागता डोळा डावीकडे राहतो. उजव्या हाताच्या नेमबाजाला लांब दस्ता डावीकडे मारायला लावतो, तो असा. म्हणून लांबी दुरुस्त करा आणि नवा कागद मारा. राहिलं तर मग कास्टचं बोलू.

कोंब चढवण्यासाठी सुरुवातीला चामडं वापरा. चप्पल कारागिराकडे शेळीचं पातळ कातडं मिळतं, साधारण १ मि.मी. जाडीचं. २० सेंमी लांब आणि ३ सेंमी रुंद पट्ट्या कापा. पुढचं टोक धारदार पात्याने तासून शून्यावर आणा, म्हणजे गालाला कड लागत नाही. एकावर एक चढवून वरून कापडी टेप गुंडाळा. स्टेशनरीच्या दुकानातली फोम शीट स्वस्त पडते, पण ती गालाखाली दबते. आज ४ मि.मी. लावलेली पंधरा दिवसांत ३ होते आणि पॅटर्न खाली उतरतो. चामडं फार दबत नाही. पट्ट्या फक्त वरच्या कडेवर असू द्या. डाव्या बाजूने, गाल लागतो तिथे, जाडी वाढली तर डोळा पुन्हा डावीकडे ढकलला जातो. कोंब उंच झाला की गाल त्याच्या खालच्या, जाड भागाला टेकतो, त्यानेही थोडं डावीकडे जातंच. म्हणून दर पट्टीनंतर आडवं मापही तपासा.

ताईंचा हील ५५ आहे. मान लांब असलेल्या माणसाला हील आणखी वर घ्यायची गरज नसते, उलट गालाखालचा कोंब उंच आणि हील जागच्या जागी असा आकार बसतो. समांतर कोंबाचा मॉन्टे कार्लो दस्ता याचसाठी असतो. चामडं मागच्या टोकाला जरा जास्त चढवलंत तर त्याचा थोडा फायदा आताच मिळेल.

घरी तपासायचं असेल तर रिकामी बंदूक, दोन्ही नळ्या दोनदा बघून, मोठ्या आरशासमोर डोळे मिटून खांद्याला लावा, गाल टेकवा आणि डोळे उघडा. आरशात उजव्या डोळ्याचं बुबुळ रिबच्या बरोबर मध्यावर बसलेलं दिसायला हवं. बुबुळाचा खालचा भाग रिबने झाकला असेल तर डोळा खाली आहे, ड्रॉप जास्त आहे. बुबुळ पूर्ण रिबच्या वर, फळीवर ठेवलेल्या गोटीसारखं दिसलं तर ट्रॅपसाठी योग्य. रिबवर मधे आणि पुढे अशा दोन माश्या असतील तर त्या एकावर एक बसून इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या दिसायला हव्यात. डोळे मिटून लावणं मात्र सोडू नका. उघड्या डोळ्यांनी माणूस मान वाकवून स्वतःच जुळवून घेतो आणि दस्त्याचा दोष झाकला जातो.

कागदाबद्दल एवढंच. १.२ मीटर चौकोनी खाकी कागद, मधे ५ सेंमीची काळी खूण. रायफलसारखा नेम धरून मारू नका. लावली की मारली, चकतीवर मारता तसं. सहा ते आठ फैरी एकाच कागदावर, एकाच नळीने. वरची आणि खालची नळी थोडी वेगळीकडे मारू शकते, दोन्ही एकत्र केल्या तर मध्य खोटा येतो.

माणगंगा, आटपाडी

विषय थोडा बाजूला नेतो, माफ करा. राखणीसाठी परवान्याची दुनळी आहे, शेजारी-शेजारी नळ्यांची, पुढे-मागे दोन ट्रिगरची. दस्ता शिसमाचा. माझी उंची १८० सेंमी, दस्ता ३४५ भरतो. आखूड दस्त्याला काय करावं? तोही उघडून आत पट्टी घालता येते का?

दंडोबा_डोंगर, मिरज

माणगंगा भाऊ, आधी सांगा, ३४५ कोणत्या ट्रिगरपासून? माप पुढच्या ट्रिगरपासून घ्यायचं. मागचा ट्रिगर साधारण २५ मि.मी. मागे असतो. मागच्यापासून ३४५ आले असतील तर तुमचा दस्ता खरं तर ३७० चा आहे आणि आखूड नाहीच.

पुढच्यापासूनच ३४५ असेल तर बटवर ओढून बसवायचं रबरी पॅड घ्या, २० ते २५ मि.मी.चं. ३६५-३७० होईल, तुमच्या उंचीला पुरेल. दस्ता उघडू नका. त्या जातीच्या दुनळीला मागून एकच बोल्ट नसतो. वरून-खालून टँगचे स्क्रू दस्ता धरतात आणि लाकूड लोखंडाला कागदाएवढं घट्ट बसवलेलं असतं. चुकीच्या रुंदीच्या स्क्रूड्रायव्हरने खाच एकदा गोल झाली की ती सुधारायला दुप्पट काम पडतं. आणि परत बसवताना टँगच्या मागे लाकूड लोखंडाला अडलं तर पहिल्याच फैरीला चिरतं.

रबरी पॅड पावसाळ्यात दर वेळी काढून दस्ता पुसा. आत पाणी अडकलं की लाखेचं पॉलिश पांढरं पडतं आणि खालचं लाकूड फुगतं.

कोयनाखोरं, पाटण

येरळाकाठ ताई, सुताराचं काय ते कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच येतात, आणि दुरुस्ती हे कलम ५ प्रमाणे परवान्याचं काम आहे. पॅड बदलणं, चामडं बांधणं हे स्वतः घरी करा. दस्ता कापणं, वाकवणं, कोंब कापून त्यात उंची बदलणारे खांब बसवणं हे सगळं शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच. सुतार कितीही हातचा असला तरी दस्ता सुटा करूनही त्याच्याकडे ठेवून येऊ नका. बंदूक नेताना परवाना सोबत, बंदूक रिकामी, खोळीत. नळीला तर कुणीच हात लावायचा नाही, ती आखूड करण्याला वेगळं कलम ६ आहे. निवडणुकीच्या काळात शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात, तो काळ बघून काम द्या, नाहीतर बंदूक कारागिराकडे अर्धवट उघडलेली राहते.

दस्ता वाकवून कास्ट किंवा ड्रॉप बदलता येतो हे खरं. मनगटाच्या, म्हणजे मूठ धरतो त्या भागाला कापड गुंडाळून त्यावर गरम जवसाचं तेल पाऊण ते एक तास ओततात आणि साच्यात हळूहळू दाबतात. ५-६ मि.मी. बदल ठीक, त्याहून जास्त मागू नका. लाकडाची रेघ मनगटातून सरळ जात असेल तरच हे करावं. रेघ आडवी कापून जात असेल तर चीर तिच्याच वाटेने जाते. कारागीर मुद्दाम थोडं जास्त वाकवतो, कारण गार झाल्यावर लाकूड थोडं परत येतं. पुढच्या काही महिन्यांतही ते थोडं हलतं. बंद गाडीच्या डिकीत उन्हात बंदूक ठेवलीत तर आणखी. आणि तुमच्यासारख्या, आरपार बोल्ट असलेल्या वर-खाली नळ्यांच्या बंदुकीत दस्ता वाकला की बोल्टचं भोकही वाकतं. म्हणून त्या बंदुकीसाठी वाकवणं हा शेवटचा उपाय.

लाकूड कधी कापायचीच वेळ आली, किंवा आता पट्टी काढल्यावर बटचं कोरं लाकूड उघडं दिसलं, तर त्या आडव्या कापाला पॉलिशने बंद करणं विसरू नका. लाकूड पाणी पितं ते रेघेच्या टोकातून. पाटण-महाबळेश्वरच्या पावसात उघडं टोक फुगतं, मार्चमध्ये परत आकसतं, आणि पॅडच्या कडेने नखाला लागेल एवढी पायरी पडते. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तीन हात द्या, प्रत्येक हात सुकल्यावर पुढचा. स्क्रूच्या भोकांच्या आतही काडीने एक थेंब सोडा. मिरजेत तंबोऱ्यांना हेच पॉलिश लागतं, चांगली लाख तिथे सहज मिळते. तिथल्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे मुळात हत्यारं करणारेच. लाकूड आणि लाख या दोन्हीची समज त्या गल्लीत जुनी आहे.

येरळाकाठ, विटा

सगळ्यांचे मनापासून आभार. केलेलं लिहिते, कुणाला उपयोग झाला तर.

ड्रॉप मोजताना माशी टेबलावरच टेकली होती. कडेबाहेर काढून पुन्हा मोजला: कोंब ३७, हील ५६. पट्टी काढली, १२ चं पॅड लावलं, १० मि.मी. आखूड स्क्रू घातले. बटच्या लाकडाला लाखेचे तीन हात दिले. पाचर लावल्यावर लांबी ३५७, भिंतीपासून ६६ मि.मी. अंगठा आणि नाक यांत जाकीट घालून ४० मि.मी. अंतर येतं. बट आता खोबणीत बसते, दंडावर येत नाही, आणि छातीला टोचत नाही.

चामडं न लावता पहिला कागद मारला: ३ सेंमी खाली, २ सेंमी डावीकडे. मग चामड्याच्या चार पट्ट्या लावल्या: ३ सेंमी वर, पण डावीकडे आता ३ सेंमी. गालाला अजून थोडं लागतं, पण पूर्वीसारखं नाही. एक नवीन जाणवतंय, बंदूक पुढून जड वाटते. आता कास्ट?

चंदनवंदन, सातारा

उभं माप छान आलं, ते सोडून द्या. डावीकडे २ चे ३ झाले ते चामड्याने झाले, म्हणजे पट्ट्या डाव्या कडेवरून खाली उतरल्या आहेत. टेप सोडा, चारही पट्ट्या डाव्या बाजूने कोंबाच्या कडेबरोबर कापा, आणि वरच्या दोन पट्ट्यांची डावी कड तासून तिरकी करा. गाल त्या तिरक्या भागावर बसला की डोळा उजवीकडे येईल. उरलेले २ सेंमी म्हणजे डोळ्यापाशी १.३ मि.मी. एवढ्यासाठी दस्ता वाकवू नका. कोंबाला खांब बसवायचे ठरवलंत तर त्यांत आडवी जागाही मिळते, हा दीड मि.मी. तिथे निघेल. तोपर्यंत पाच-सहा सराव त्याच चामड्यावर करा. नव्या लांबीत मान सैल होते आणि गाल कोंबावर आणखी दबून बसतो, आकडे पुन्हा थोडे हलतील. त्यानंतरचा कागद कारागिराला द्या.

दंडोबा_डोंगर, मिरज

पुढून जड वाटतं कारण मागचं जाड पॅड आणि पट्टी गेली. काढलेलं पॅड, पट्टी आणि जुने स्क्रू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, दुसऱ्यांदा नवं पॅड आणि पाचर यांच्या जोडीचं (सुटं असेल तर) वजन घ्या. जो फरक येईल तेवढं शिसं बटच्या बोल्टच्या भोकात, कापडात घट्ट गुंडाळून, आवाज होणार नाही असं बसवा. त्याआधी बंदूक बोटावर तोलून बघा: नळ्या वळतात त्या बिजागरीच्या खिळ्याशी किंवा त्याच्या बोटभर पुढे तोल आला तर शिसं घालूच नका. ट्रॅपला थोडी पुढे जड बंदूक चकतीमागे सलग फिरते.